दांडीचा बाक

माझ्या वडिलांना नीट ऐकू येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यात आधी मला कळलं, असं क्षणभर वाटलं होतं. खरं तर मायला ते कितीतरी आधी कळलं होतं. तिने ते झाकून ठेवलं. मी चार माणसांसमोर उघडं केलं. निमित्त होतं माझी इलेक्ट्रिक गिटार, तिची वाकलेली दांडी आणि एका तारेची खरखर.

आम्ही मूळचे खानदेशातले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते लग्नाआधीच सुरतेला आले आणि उधन्यात लूमच्या खात्यात लागले. सुरतेत लूमच्या शेडला खातं म्हणतात आणि कापड विणायच्या मशीनला सांचा. आमच्या लोकांनीही हे शब्द कधीच उचललेत. अण्णांनी आधी सांचे चालवले, मग सांचे दुरुस्त करायला शिकले आणि फिटर झाले. त्यांचा खात्यात दबदबा होता तो कानांमुळे. अठ्ठेचाळीस सांचे एकदम धडधडत असताना ते दारात उभे राहायचे आणि बोट दाखवून सांगायचे, तिसऱ्या ओळीतला पाचवा बंद करा, त्याचा बोल्ट सैल आहे. तो सैलच निघायचा.

मी आठवीत असताना एका सुट्टीत ते मला खात्यावर घेऊन गेले. खातं बंद होतं, फक्त दोन सांचे त्यांनी चालू केले आणि एकाचा बोल्ट मुद्दाम सैल केला. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एक सांचा चालवायचे, थांबवायचे, मग दुसरा. दर वेळी विचारायचे, "आते?" अहिराणीत आते म्हणजे आता. मी सांगायचं, चांगला शे की खराब शे. उत्तर चुकलं की डोक्यात मागून मुठीच्या हाडाची टपली. दहापैकी सात वेळा मी चुकलो. साफसफाईला आलेले तीन-चार कारीगर बाजूला बसून हसत होते. घरी आल्यावर अण्णांनी मायला सांगितलं, "याना कान मातीना शेतस." मग ते त्यांनी लग्नात सांगितलं, बारशाला सांगितलं, गावी जत्रेला गेलो तेव्हा सांगितलं. माझ्या चुलतभावांनी माझं नावच मातीकान्या पाडलं. मी बारावीत नापास झालो तेव्हा अण्णा रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मास्तर शिकवत असेल, याला ऐकूच गेलं नसेल."

दुसऱ्या खेपेला पास होऊन मी कॉलेजात गेलो. तिथला माझ्याबरोबरचा एक गुजराती मुलगा कॅनडाला निघाला आणि जाताना त्याची गिटार मला देऊन गेला. काळी, कोपऱ्यावर रंग उडालेली. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. दोन वर्षांत बरी वाजवायला लागलो आणि एका गरबा ऑर्केस्ट्रात मला तालमीला येऊ दिलं. ऑर्केस्ट्रा एका कीबोर्डवाल्याचा होता. नवरात्रीत सुरतेत असा ऑर्केस्ट्रा मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. मी घरी सांगितलं तेव्हा माय खूश झाली. अण्णा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, मुद्दाम. तेव्हा त्यांचं सगळंच मला मुद्दाम वाटायचं.

श्रावण संपत आला आणि हवेतल्या ओलीने गिटारची दांडी वाकली. दांडी म्हणजे जिच्यावर डावा हात फिरतो तो लांब लाकडी भाग. तिच्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार दाबली की ती एका पट्टीवर टेकते आणि सूर निघतो. दांडी पुढे वाकली की मधल्या भागात तारा उंच राहतात आणि दाबताना बोटं फुटतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तारा उंच झाल्या एवढंच मला दिसलं, म्हणून मी पुलावरचे, म्हणजे तारा बुडाकडे ज्या तुकड्यावर टेकतात त्यावरचे, स्क्रू फिरवून त्या खाली आणल्या. लगेच वरच्या पट्ट्यांवर खरखर सुरू झाली. मग कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती आवळली की दांडी सरळ होते. मी एलन की, म्हणजे षटकोनी चावी, घातली आणि आवळली. थोडा फरक पडला. अजून आवळली. दांडी सरळ झाली, तिथून पुढे गेली आणि उलट्या बाजूला वाकली. आता खालच्या चार-पाच पट्ट्यांवर प्रत्येक तार झणझणायला लागली.

तालमीत कीबोर्डवाल्याने दोन ओळी ऐकल्या आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "ये गिटार है के रिक्षा?" तो म्हणाला. ढोलवाला हसला. गाणारी मुलगीसुद्धा हसली. "सोमवार तक ठीक करा ले, नहीं तो आना मत."

शहरात गिटार दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, ते मुलीकडे अहमदाबादला गेले होते. गुरुवारी दुपारी मी गिटार मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो होतो आणि तीच एलन की पुन्हा आवळत होतो. जोर करावा लागत होता. अण्णांची त्या दिवशी सुट्टी होती. ते आतून आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मोडशील."

मी थांबलो.

"तू मोडशीलच. तुझ्या हाताने आजवर काय सरळ झालं?" त्यांनी गिटार माझ्या मांडीवरून उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती हातात घेतली होती. दाराजवळ उजेडात गेले, गिटारचं बूड गालाला लावलं आणि एक डोळा मिटून दांडीच्या कडेने बघितलं, बंदुकीचा नेम धरतात तसं. मग म्हणाले, "पाठ मोडलीस तू हिची. हे बघ, मधे उंट आहे. या सळईचं काम काय?"

"दांडी सरळ ठेवायचं."

"कोणी सांगितलं? तारा दांडीला पुढे ओढतात. सळई मागे ओढते. तू मागचाच गडी खाऊपिऊ घालून तगडा केला. गाढवा, सैल कर."

त्यांनी स्वतःच्या पेटीतून पोलादी पट्टी आणली, पत्त्यांचं गेज आणलं. खात्यात दोन भागांमधली फट मोजायला ते वापरतात. चाकूसारख्या उघडणाऱ्या पातळ पत्त्या असतात, प्रत्येकीची जाडी वेगळी. मला पहिल्या पट्टीवर आणि शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायला लावली. "आता ही तारच आपली फूटपट्टी," ते म्हणाले. मधल्या पट्टीवर तार आणि धातू यांच्यात फट किती राहते ते त्यांनी पत्ती सरकवून बघितलं. फट नव्हतीच. तार चिकटली होती.

त्यांनी सळई पाव फेरा सैल केली. गिटार भिंतीला टेकवली आणि मायला चहा टाकायला सांगितला.

"अजून फिरवा ना," मी म्हणालो.

"लाकडाला समजायला वेळ लागतो. तुला लागतो तसा."

चहा झाल्यावर मी तारा पुन्हा सुरात लावल्या, त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा पाव फेरा. असं तीन वेळा झालं. शेवटी पाव मिलिमीटरची पत्ती तारेखालून किंचित घासत गेली, तेव्हा अण्णांनी डोळे बारीक केले. "आता बाक आहे. थोडा बाक पाहिजेच. एकदम सरळ काहीच नाही चालत." मग मी पुलावर खाली केलेल्या तारा त्यांनी एकेक करून उचलल्या, प्रत्येक तार मोजून. सगळं काम दोन तास चाललं. त्या दोन तासांत त्यांनी मला गाढव, आंधळा, बिनडोक आणि फुकट्या म्हटलं. पण त्यांचे हात मी बघत राहिलो होतो. गिटारला कधी शिवलेला माणूस नव्हता, आणि एक स्क्रू त्याने चुकीचा फिरवला नाही.

"झालं. वाजव."

मी गिटार ॲम्पला न लावताच वाजवली. खरखर असली तर तशीच नीट कळते. पहिल्या पट्टीपासून एकेक सूर घेत गेलो. सगळं स्वच्छ. चौथ्या तारेच्या पाचव्या पट्टीवर आलो आणि झर्रर्र झालं. तेवढी एकच जागा. पुढची पट्टी किंचित उंच असणार आणि तार तिला घासत असणार.

"इथे अजून आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"खरखर."

"वाजव."

मी वाजवलं. मोठ्याने, दोनदा. माशी बाटलीत अडकल्यासारखा आवाज. आत भांडी घासत असलेली माय दारात येऊन उभी राहिली.

"कुठे?" अण्णा म्हणाले.

"हे काय, ऐका ना."

"काही नाही तिथे. तुझे कानच मातीचे." आणि टपली मारली.

पण टपली मारताना त्यांची नजर कुठे होती ते मला दिसलं. ते माझ्या बोटाकडे बघत होते. तार हलायची थांबली की मग ते बोलत होते. ते खोटं बोलत नव्हते, हट्टही करत नव्हते. त्यांना तो आवाज येतच नव्हता. मी मायकडे बघितलं. तिने पटकन मान खाली घातली आणि आत गेली. त्या क्षणी मला एकदम सगळं आठवलं. ती त्यांच्याशी नेहमी समोर येऊन बोलते. त्यांना हाक मारायच्या ऐवजी दंडाला हात लावते. फोन आला की म्हणते, ते अंघोळीला गेलेत, मला सांगा.

मी तिच्या मागे आत गेलो. "कधीपासून?" मी विचारलं.

"हळू बोल," ती म्हणाली आणि मग तिचं तिलाच उमगलं की हळू बोलायची गरजच नाही. तरी तिने नळ सोडला. "चार-पाच वर्षं झाली. खात्यात कोणाला माहीत नाही. ते सांच्याला हात लावून बघतात, पाय टेकून बघतात, हातालाच समजतं त्यांना. तू बोलू नको कुठे."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. एखादी हरवलेली वस्तू आपल्याच खिशात सापडावी तसा. मी सोमवारी तालमीला गेलो, त्या एका जागेचा सूर टाळून वाजवलं आणि कीबोर्डवाला म्हणाला, "हां, अब बराबर." त्याने मला नवरात्रीसाठी पक्कं केलं. ती पट्टी घासून नीट करायला अर्धा तास लागला असता. मी केली नाही.

इकडे अण्णांनी खात्यात सगळ्यांना सांगितलं होतं. हे मला माझ्या मामाने सांगितलं. मामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, त्याच खात्यात कारिगरांची हजेरी बघायचा. "तुझा बाप आठवडाभर दुसरं काही बोलत नाही," मामा म्हणाला. "म्हणतो, पोराचा विलायती बाजा मी सरळ केला. म्हणतो, पोरगं मोठ्या पार्टीत वाजवणार आहे." मला ते खरं वाटलं नाही. पण पुढच्या गुरुवारी दुपारी अण्णा खरंच मामाला आणि खात्यातल्या दोन जोडीदारांना घरी घेऊन आले. मायला भजी करायला लावली. स्वतः आत जाऊन गिटार घेऊन आले, दोन्ही हातांवर आडवी धरून, आणि दांडीच्या कडेने कसं बघायचं ते तिघांना दाखवलं. प्रत्येकाला एक डोळा मिटायला लावला. "पाव मिलिमीटर," ते म्हणाले. "शेठच्या इंजिनिअरलाही जमणार नाही."

जोडीदारांपैकी एकाने मला विचारलं, "वाजते आता चांगली?"

मी हो म्हणायला हवं होतं. अण्णा माझ्याकडे बघून हसत होते. मला त्यांचं ते हसणं आजही दिसतं. त्यात टोमणा नव्हता. पण ते म्हणाले, "त्याला काय विचारता? त्याला कळतं का? कान मातीचे. मला विचारा."

तिघं हसले.

"मग अण्णांनाच विचारू," मी म्हणालो. "अण्णा, पाठ करून बसा. भिंतीकडे तोंड करा. मी वाजवतो, तुम्ही सांगा चांगला का खराब."

मामाने टाळी वाजवली. "हा, हे बरं. परीक्षा."

माय कढईजवळून म्हणाली, "राहू दे ते. भजी गार होतील." तिचा आवाज कसातरीच झाला होता. तिघांनाही तो खटकला नाही.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मागे हटता आलं असतं, पण समोर जोडीदार होते आणि पाव मिलिमीटरची गोष्ट नुकतीच सांगून झाली होती. ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. गिटार ॲम्पला लावलेली नव्हती आणि वर पंखा घरघरत होता.

मी सातव्या पट्टीवरचा स्वच्छ सूर वाजवला. "आते?"

"चांगला शे," अण्णा म्हणाले.

मी पाचव्या पट्टीवरचा वाजवला. झर्रर्र. तिघांनीही तोंडं वाकडी केली. "आते?"

थोडं थांबून अण्णा म्हणाले, "चांगला शे."

मामाने भुवया उंचावल्या. मी तोच सूर पुन्हा वाजवला, जोरात, तार तुटेल अशी. "आते?"

"चांगला."

एक जोडीदार तोंडावर हात घेऊन हसायला लागला. अण्णांच्या मानेवरची शीर उडत होती ती मला दिसत होती. मी तिथेच थांबू शकलो असतो. मी उजवा हात तारांपासून वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा हवेत धरला, आणि काहीच न वाजवता मोठ्याने विचारलं, "आते?"

"आते बी चांगला शे," अण्णा म्हणाले.

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. दोघं जोडीदार एकमेकांच्या खांद्यावर पडले. अण्णांनी मान वळवली. त्यांना तिघांचे उघडे चेहरे दिसले आणि माझा हवेतला हात दिसला. मी तो खाली घेतला नाही. ते उठले, खुर्ची पुन्हा सरळ करून ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मायने गॅस बंद केला. पाहुण्यांना भजी मीच वाढली.

मामाचा हेतू वाईट नव्हता. त्याला गोष्टी सांगायला आवडतात, आणि ही चांगली गोष्ट होती. शनिवारपर्यंत सगळ्या खात्याला ठाऊक झालं. कारीगर येताजाता अण्णांच्या पाठीमागे उभे राहून, "आते?" म्हणून विचारायचे. मग कोणाला तरी उन्हाळ्यातली गोष्ट आठवली.

उन्हाळ्यात त्या खात्यात एका ओडिया कारिगराला धोटा लागला होता. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन सांच्यात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादाचा. सांचा बिघडलेला असला की तो कधी उडून बाहेर येतो. त्या माणसाचा डावा डोळा गेला होता आणि तो गावी परतला होता. तेव्हा सगळ्यांनी नशीब म्हणून सोडून दिलं. आता हिशेब जुळला. त्या दिवशी सकाळीच त्या कारिगराने आवाज वेगळा येतो म्हणून अण्णांना बोलावलं होतं, आणि अण्णांनी सांच्याला हात लावून सांगितलं होतं, "चांगला शे."

शेठच्या मुलाने अण्णांना ऑफिसात बोलावलं. काय झालं ते मामाने नंतर सांगितलं, या वेळी न हसता. शेठचा मुलगा फाईल बघत खाली मान घालून गुजरातीत काहीतरी बोलला. अण्णांनी हो म्हटलं. तो पुन्हा बोलला. अण्णांनी पुन्हा हो म्हटलं. तो पहिल्यांदा म्हणाला होता, "तुम्हाला ऐकू येत नाही का?" आणि दुसऱ्यांदा, "त्या माणसाचा डोळा तुमच्यामुळे गेला का?"

त्या ओडिया माणसाच्या गावचे चौघं खात्यात होते. त्यांनी दुपारी अण्णांना फाटकाजवळ धरलं. मारलं नाही. एकाने फक्त त्यांची पेटी घेतली आणि रस्त्यावर उपडी केली. अण्णा वाकून एकेक पाना गोळा करत होते आणि ते चौघं उभे राहून बघत होते. मामाही बघत होता.

खरंच त्यांच्यामुळे तो डोळा गेला का, मला माहीत नाही. धोटा चांगल्या सांच्यावरूनही उडतो, असं जुने कारीगर सांगतात. मी कित्येकदा स्वतःला समजावलंय की मी जे केलं त्यामुळे पुढचा एखादा डोळा वाचला असेल. कदाचित वाचलाही असेल. पण मी ते त्यासाठी केलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

अण्णांना आधी घड्या घालायच्या कामाला बसवलं, बायकांच्या ओळीत. महिनाभर त्यांनी ते केलं. मग सोडलं. पलसाण्याला हायवेलगत कापड रंगवायची एक मिल आहे, तिथे फाटकावर वॉचमन म्हणून लागले. मी त्या वर्षी नवरात्र वाजवली. गिटार नऊ दिवस अजिबात हलली नाही, सूर सोडला नाही. कीबोर्डवाल्याने विचारलं, सेटिंग कोणी केलं? मी सांगितलं, मीच.

ते खोटं पुढे खरं झालं. दुसऱ्या एका वादकाने त्याची गिटार माझ्याकडे आणली, मग तिसऱ्याने. आज मी तेच काम करतो. वराछा, अडाजण, कामरेज, कुठून कुठून लोक येतात. पावसाळ्यात वाकलेल्या दांड्या, घासलेल्या पट्ट्या, कोणीतरी आवळून आवळून बिघडवलेल्या सळया. मी दाराशी उजेडात जातो, गिटारचं बूड गालाला लावतो आणि एक डोळा मिटतो. पाव फेरा फिरवतो आणि थांबतो. लोक म्हणतात, अजून फिरवा ना. मी त्यांना नीट समजावतो, शिवी देत नाही. माझ्या स्वतःच्या गिटारची ती उंच पट्टीही मी नंतर घासली. पोलादी पट्टीचा छोटा तुकडा तीन फ्रेटवर ठेवून बघितला, तो मधल्यावर डुगडुगला. आजूबाजूला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने चार-पाच हात मारले आणि पॉलिश पेपर फिरवला. अर्धा तासही लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते यायला तयार नव्हते. मायने त्यांच्या दंडाला धरून आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक, वरचे आवाज पूर्ण गेलेत, लूममध्ये आयुष्य काढलेल्यांचं असंच होतं. कानात बसवायचं यंत्र दिलं.

यंत्र लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी अण्णा घरी होते. माय बाजारात गेली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि बोललो. पाठ करून बसवलं तेव्हा मला आधीच माहीत होतं, मी म्हणालो. मी ते मुद्दाम केलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

मी माफी मागणार होतो. वाक्य तयार होतं. पण त्यांनी हात वर केला.

"एकच सांग. शेवटच्या खेपेला तू वाजवलं होतं का नव्हतं?"

इतकी वर्षं त्यांना ते पक्कं ठाऊक नव्हतं. माझा हवेतला हात त्यांनी पाहिला होता, पण तो वाजवून उचललेला की न वाजवता, ते त्यांना कळलं नव्हतं. मी खोटं बोललो असतो तर चाललं असतं. पण तेव्हा मला खरं बोलण्याचीच हौस होती.

"नव्हतं वाजवलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी पण असंच केलं असतं." आणि उठून गेले. माफीचं वाक्य माझ्याकडेच राहिलं. ते म्हणाले त्याने मला हलकं वाटलं नाही. मला तसं वाटावं म्हणून ते बोललेही नसावेत.

यंत्र त्यांनी आठ दिवस लावलं. नवव्या दिवशी मिलवरून आले आणि काढून मायच्या हातात दिलं. मायने त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, टोचतं का? आवाज घुमतो का?

"चांगलं ऐकू येतं," अण्णा म्हणाले. "ट्रकवाले मला काय म्हणतात ते ऐकू येतं. इतकी वर्षं मी त्यांना हसून सलाम करत होतो."

यंत्र डबीत, डबी कपाटात. अण्णा अजून फाटकावर जातात. आम्ही एका घरात राहतो, एका ताटलीतलं लोणचं खातो. काही सांगायचं असलं की मी समोर जातो, ओठ दिसतील असं बोलतो. पुढच्या खोलीत मी गिटार उघडून बसलेलो असलो की ते मागच्या दाराने येतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या कानशींचा डबा उचलून दुसरीकडे ठेवला. गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि मला सापडत नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर मी स्वयंपाकघरात आलो. अण्णा माझ्याकडे पाठ करून पाणी पीत होते. मी त्यांच्या पाठीला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. तोंडावर मी ते कधीच म्हटलं नसतं. अण्णांनी पेला धुतला, पालथा घातला आणि बाहेर गेले.

माय कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. ती असेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला ऐकू येतं," ती म्हणाली.

ती पुढची जुडी सोडायला लागली.